वाघजाईच्या माळावरचा दुपारचा वारा

पुण्याहून मुळशीला जाणारी मंडळी अलीकडे पुष्कळ झाली आहेत. ती धरणाची भिंत पाहतात, 'केवढे हे पाणी!' म्हणतात, झाडाखाली बसून दशम्या सोडतात आणि दिवे लागायच्या आत घरी येतात. मी मात्र गेलो तो त्या पाण्यावरची हवा पाहायला. हवा पाहायला चाललो असे सांगितल्यावर आळीत जी काय थट्टा झाली ती विचारू नये. 'पुण्यातली संपली वाटतं?' असे शेजारच्या अण्णांनी विचारले, आणि आमच्या घरच्यांनीसुद्धा त्यांच्या बाजूने हसून घेतले.

गोष्ट अशी की, मुंबईहून पुण्याला टपाल विमानाने आणता येईल काय, आणि ते रोज, वेळेवर आणि माणूस न मारता आणता येईल काय, याचा अभ्यास करायला एक लहानशी समिती बसली होती. 'रोज' आणि 'वेळेवर' या दोन शब्दांवर समितीत भरपूर बोलणे होई. तिसरी बाब हवामान कचेरीतल्या माझ्यासारख्या मदतनिसाच्या वाट्याला आली. कोकणातून वर चढलेल्या विमानाचे इंजिन ऐन घाटमाथ्यावर बंद पडले तर त्याने उतरायचे कुठे? नकाशावर बोटे फिरवून समितीने मुळशीच्या पाण्याच्या वरच्या टोकाला, ताम्हिणीच्या अलीकडे, एक सपाट माळ हेरला. मी तिथे जाऊन राहायचे, रोज सकाळी फुगे सोडून वारा मोजायचा आणि माळ झाडून साफ करून घ्यायचा. मग मुंबईहून एक विमान येऊन प्रत्यक्ष उतरून पाहणार. उतरले की माळ पसंत.

विमान आणणारा वैमानिक हा एक तरुण पारशी. समितीची बैठक चालू असताना तो टेबलाखाली पायाने ठेका धरून बसला होता. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तू बोलशील जागा चांगली, तर मी डोळा मिटून उतरेल. मला हवा दिसत नाय बाबा. तुला दिसते." मला तेव्हा बरे वाटले. मुळशीला पोचल्यावर त्याच वाक्याने माझी झोप उडवली.

पौडच्या पुढे

पौडपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. पुढे बैलगाडी. गाडीत माझी वळकटी, पाय असलेली दुर्बीण, रबरी फुग्यांचे खोके आणि हायड्रोजन वायूने भरलेली लोखंडी नळकांडी. त्या मुलखात धरणावरून झालेला दंगा लोक अजून विसरलेले नव्हते. नळकांडी पाहून गाडीवान बैल जुंपायचा थांबला.

"ह्यात काय हाय?"

"हवा," मी म्हणालो.

"हवा न्यायला गाडी लागती व्हय?" असे म्हणून त्याने त्यांवर पेंढा टाकला, वर स्वतःची घोंगडी टाकली आणि सगळ्या वाटेत विडी पेटवली नाही. मी त्याला काही सांगितले नव्हते, पण त्याने न सांगता जे केले तेच बरोबर होते. हायड्रोजन फार लवकर पेट घेतो.

माळाच्या पायथ्याशी उतारावर एक वाडी आहे. तिचे मूळ गाव खाली पाण्यात गेले. उरलेल्या घरांनी वर सरकून नवी छपरे घातली आहेत. सखाराम पाटलांच्या ओसरीवर मी उतरलो. आमच्याकडे पाहुणा आला की आधी गूळपाणी आणि मग चौकशी. इथे आधी चौकशी, आणि ती पसंत पडली तर पाणी. माझ्या दुर्बिणीचे पाय बाहेर निघताच पाटील उठून उभे राहिले.

"मोजणी?"

"जमिनीची नाही, वाऱ्याची."

"आदी बी असंच म्हनलं व्हतं. पान्याची मोजनी, जमिनीची न्हाई. दुर्बीन आली, खुट्या आल्या, मंग पानी आलं." त्यांनी खाली तलावाकडे हात केला. "आमची तळातली वावरं तितं हायेत. मासं खात्यात."

मी म्हणालो, माळावर नुसता कातळ आहे, तिथे कुणाचे काय पिकते? पाटील तापले. "काय पिकतं त्ये पुसू नगा. कुनाचा हाय त्ये पुसा." माळ वाघजाईचा होता. वाघजाई 'हो' म्हणेल तर त्यांची हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी माळाकडेच्या राईतल्या दगडी देवीला कौल लावला. ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होकार. मी शास्त्राचा पदवीधर, पण त्या वेळी उजव्या पाकळीकडे डोळे लावून जीव मुठीत धरून बसलो होतो. उजवी पडली. समितीला जे ठरवायला महिने लागले ते देवीने एका बैठकीत उरकले. मग मला पाणी मिळाले, आणि पाठोपाठ नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि करवंदांचे द्रोण भरून मिळाले.

माळावरचे दिवस

माळ उंच आणि लांबट आहे. पश्चिमेला त्याला एका डोंगरधारेचा आडोसा आहे, आणि त्या धारेपलीकडे कोकण. पूर्वेला माळ एकदम तुटतो. तिथे सरळ कडा, आणि कड्याखाली तलावाचे पाणी. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरते. इथे वारा पश्चिमेचा, म्हणून विमान पुण्याच्या बाजूने वळून तलावावरून खाली येत येत त्या कड्यावरून माळावर टेकायचे, अशी योजना होती.

मी पाटलांच्या माणसांकडून माळावरचे सुटे दगड उचलून घेतले, चुन्याने रंगवलेल्या दगडांचे मोठे वर्तुळ मांडले, आणि रोज सकाळी फुगा सोडू लागलो. असा फुगा ठरावीक वेगाने वर जातो. त्याच्यामागे दुर्बीण फिरवत राहिले की वर वारा कुठून कुठे वाहतो ते कळते. सकाळचा वारा म्हणजे गुणी बाळ. फुगा सुतासारखा सरळ वर जाई. विमान सकाळीच यायचे असल्यामुळे सकाळचेच वेध घेण्याचा मला हुकूम होता, आणि वायूही तेवढाच दिला होता.

विमानाला खुणा धुराच्या द्यायच्या होत्या. ओला पाला टाकून एक धूर केला तर 'ये, जागा ठीक आहे.' ओळीने तीन धूर केले तर 'उतरू नकोस, पुढे पुण्याला जा.' आकाशात गेलेल्या माणसाला हाक मारायची दुसरी सोय आपल्याकडे नाही. तार आणि टेलिफोन, सगळे जमिनीवरचे.

माळावर माझ्याआधी बिऱ्हाड करून होते ते एक धनगर जोडपे. कोंडिबा आणि त्याची बायको ठकूबाई. देशावरचे गवत उन्हाने जळाले की ते मेंढरे घेऊन इकडे वर येत आणि रात्री वाघजाईच्या राईपाशी काट्याकुट्यांचे वाडगे घालून त्यात ती कोंडत. कोंडिबा अबोल. ठकूबाई दोघांच्या वाटचे बोले. तिने पहिल्याच दिवशी मेंढीच्या दुधाचा चहा पाजला. पुण्याच्या माणसाने तो श्वास रोखून प्यावा. तिसऱ्या दिवसापासून मी तो मागून घेऊ लागलो.

ठकूबाईचा फुगा

विमान यायच्या आदल्या दिवशी ठकूबाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. समद्यांनी फुगा पाहिला, पण रोज सकाळी ती मेंढरांमागे असते म्हणून तिनेच तेवढा पाहिला नाही, ही तिची तक्रार होती.

"उद्या दाखवीन," मी म्हणालो.

"उद्या तुमचं इमान येतंय. मंग तुमी कशाला हितं ऱ्हाताया? आत्ता दावा की दादा."

एका नळकांड्यात थोडा वायू उरला होता. दुपार कलत होती. डोंगरधारेवरून बऱ्यापैकी वारा सुटला होता. मी फुगा भरला आणि दोरा तिच्याच हातात दिला. तिने तो हसत हसत सोडला. फुगा वर चढला, वाऱ्याबरोबर पूर्वेला सरकत माळभर गेला, आणि कड्यापाशी पोचताच खाली बसला. कुणीतरी वरून तळहात ठेवून दाबावा तसा तो कड्यापलीकडे उतरत गेला आणि दिसेनासा झाला. मी धावत कड्यावर गेलो. वर चढण्याखेरीज ज्याला दुसरे काही ठाऊक नाही तो फुगा पार खाली पाण्यालगत पळत होता.

"बुडाला का वं?" ठकूबाईला हसू आवरेना.

मला मात्र घाम फुटला. धारेवरून आलेला वारा माळावरून घसरत येऊन कड्यावरून धबधब्यासारखा खाली कोसळत होता. विमानाने ज्या जागेतून यायचे नेमकी ती जागा. उतरताना वैमानिक इंजिन मंद करून तरंगत येतो. त्या वेळी हा वारा त्याच्या डोक्यावर बसला तर विमान माळाऐवजी कड्यावर आदळणार. सकाळी असा वारा नसतो आणि विमान सकाळी येणार आहे, असे मी स्वतःला बजावले. संध्याकाळी आकाशात ढग जमले आणि दूर कुठे गडगडले. पाटील म्हणाले, वळीव जवळ आलाय. माझे लक्ष त्यांच्या बोलण्यात नव्हते.

राबाचा दिवस

सकाळी मी एकच धूर तयार ठेवून बसलो. वारा पडलेला, आकाश निवळलेले, विमानाला याहून चांगली वेळ नाही. विमान आले नाही. ऊन चढले, चुन्याचे दगड डोळ्यांवर येऊ लागले, तरी विमान नाही. नाहीच यायचे असेल तर सुटलो, असेही मनात येऊन गेले. तेवढ्यात धरणावरचा एक शिपाई माळ चढून धापा टाकत आला.

"टेलिफोन आलाय. इमानाचं यंत्र बिघडलं व्हतं, आता झालंय बेस. दुपारचं येतंय म्हनं."

"दुपारी येऊ नका म्हणून कळवा! आत्ताच्या आत्ता!"

"कुनाला? मी निगालो तवाच त्ये निगायच्या बेतात व्हतं."

माझ्या मानेला मागून वारा लागत होता. धारेवरचे गवत वाकू लागले होते.

मी पाटलांच्या नावाने हाका मारत सुटलो. तीन धूर करायचे होते, पण माणसे कुठे होती? रोज माळावर तमाशा पाहायला जमणारी वाडी आज ओस पडली होती. पाटील वर आले ते काजळी लागलेल्या हातांनी. पाटील, शिपाई आणि मी, तिघांनी मिळून कसेबसे तीन जाळ लावले, ओला पाला टाकला, धूर निघू लागला. वाऱ्याने तो जमिनीलगत लोळवला, तरी तीन आहेत हे ओळखू येत होते. हुश्श म्हणून मी कपाळ पुसले आणि दरीकडे वळलो.

सगळ्या दरीतून धूर निघत होता. तलावाच्या अल्याड, पल्याड, उताराच्या प्रत्येक टप्प्यावर. काही बारीक, काही जाड, काही तर ओळीने तीन तीन. आमचे तीन धूर त्या गर्दीत कुठे गेले ते माझे मलाच सांगता आले नसते.

"पाटील, हे काय चाललंय?"

"राब भाजत्यात," पाटील म्हणाले. भाताचे रोप टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, टहाळ, पाचोळा अंथरून वर माती पसरून ती भाजतात. पहिल्या दिवशी मुक्कामाला आलो तेव्हा शेतांत पसरलेला तो कचरा मी पाहिला होता, आणि या लोकांना घर झाडण्याची रीत नाही असे पुणेरी मत बनवून मोकळा झालो होतो. "काल आभाळ आलं नव्हं? राब भिजला की रोप न्हाई, रोप न्हाई तर भात न्हाई. आज समदी पेटवनारच."

"विझवायला सांगा. थोडा वेळ. माणूस मरेल हो!"

पाटलांनी काजळीचे हात धोतराला पुसले. "तळातलं समदं गेलं, रावसाहेब. ह्यो उतारावरचा तुकडा ऱ्हायला. त्याचा राब इझवा म्हनून कुनाला सांगू? आन सांगितलं तरी पेटलेला राब इझतोय व्हय? आतून दिसभर जळतोय."

मुंबईत बसून धुराची खूण ठरवणाऱ्या आम्हा सगळ्यांत वैशाखात मावळ पाहिलेला एकही माणूस नव्हता. पांढरे वर्तुळ मोडून टाकावे, असे आधी मनात आले. पण वैमानिकाजवळ नकाशा होता, आणि दुसरा सपाट माळ त्या मुलखात नाही. तीन धूर दिसले नाहीत तर उतरायचे, असाच त्याला हुकूम. जागा मोकळी दिसली की तो उतरणार. मोकळी दिसली तर!

मी राईकडे पळालो. मेंढरे सावलीत एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. कोंडिबा झाडाला टेकला होता, ठकूबाई चुलीपाशी होती.

"कोंडिबा, मेंढरं माळावर घाला. मधोमध. सगळी."

"ह्या उन्हात?"

मी सांगितले. विमान येते आहे, काल फुगा गेला तसे ते खाली जाईल, त्याला जागा अडलेली दिसली तरच ते परत फिरेल. कोंडिबाने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले.

"आन न्हाई फिरलं तर?"

"तर तुमची मेंढरं जातील. आणि तोही जाईल."

खोटे बोलण्याची ती वेळ नव्हती. कोंडिबाने बायकोकडे पाहिले. त्या कळपाखेरीज त्यांच्याजवळ काय होते? एक घोडे, दोन कुत्री आणि गाडगीमडकी. मी दुसऱ्याचा संसार मागत होतो आणि बदल्यात द्यायला माझ्याजवळ काही नव्हते. लाज वाटली, तरी मी तिथून हललो नाही.

"त्यात मानूस बसतोय?" ठकूबाईने विचारले.

"एक जण."

तिने चुलीतले लाकूड मागे ओढले, काठी उचलली आणि नवऱ्याच्या आधी तीच कळपात शिरली. "हुर्र! हुर्र!" करीत दोघांनी आणि कुत्र्यांनी मेंढरे हलवली. सावली सोडायला ती तयार होत ना. आम्ही ढकलत, ओढत, शिव्या घालत ती पांढऱ्या वर्तुळात आणली, आणि तेवढ्यात आवाज आला.

आधी तो पश्चिमेला होता, मग डोक्यावर, मग धुरात हरवला. विमान दिसले तेव्हा ते तलावावर वळण घेत होते. एकावर एक पंख, उन्हात चमकणारे. माळावरून उंच जाताना वैमानिकाने बाहेर झुकून खाली पाहिले. मी दोन्ही हातांनी 'जा, जा' करत होतो, आणि त्याने मला हात हलवून उत्तर दिले. त्याला ते स्वागत वाटले असणार!

तो पुन्हा वळला आणि तलावावरून खाली येऊ लागला. पण इंजिनाचा आवाज मंद झाला नाही, उलट चढतच गेला, आणि मग माझ्या लक्षात आले. भटकी जनावरे माळावर आली आहेत अशा समजुतीने तो ती हाकलायला येत होता. खालून, जोरात.

कड्यापाशी येताच विमान खाली बसले. फुगा बसला होता तसेच. एका क्षणी ते समोर होते, दुसऱ्या क्षणी कड्याच्या कडेवर नुसते आकाश. आवाज मात्र खालून येत होता, खडकांतून घुमत, फाटल्यासारखा. ठकूबाईने डोळ्यांवर पदर घेतला. मी देवाचे नाव घेतले की नाही ते आठवत नाही.

मग कडेवरची झुडपे मोडत ते वर आले. इतके जवळून की तेलाचा वास आला. मेंढरे उधळली. समोर विमान, मागे कुत्री, म्हणून ती बाजूला पळाली, आणि त्या बाजूलाही माळ तुटलेलाच होता. कोंडिबा ओरडत आडवा धावला. त्याने काही अडवली. पुढची गेली ती गेली. मेंढराची जात, एकामागे एक.

विमान वाकडेतिकडे चढत पुण्याच्या दिशेने गेले. त्याचे एक चाक मोडून खाली लोंबत होते. धुराच्या पडद्यात शिरेपर्यंत आम्ही सगळे त्या चाकाकडे पाहत होतो.

कोंडिबा कडेला गुडघ्यांवर बसून खाली वाकून पाहत होता. मी जवळ गेलो. "मी साहेबांना सांगेन," असे काहीतरी पुटपुटलो.

तो वर न पाहता म्हणाला, "त्याचा पाय मोडलाय. कसा टेकनार त्यो? जावा, पोचला का बगा आदी."

धरणाची कचेरी

धरणावर पोचलो तेव्हा माझ्या वहाणेचा अंगठा तुटला होता. कचेरीतल्या बाबूने माझा अवतार पाहून आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, मग टेलिफोन. आमच्या पुण्याच्या कचेरीतला माणूस 'अजून काही कळले नाही' म्हणाला. मी त्या बाकावर बसून राहिलो. बाबू मला मुळशीच्या तांदळाची महती सांगत होता. आंबेमोहोर कसा, त्याचा वास कसा. त्यातला एकही शब्द माझ्या डोक्यात शिरत नव्हता. तो वैमानिक मेला तर मी त्याला मारले की वाचवायला गेलो होतो, एवढाच विचार चालला होता, आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती.

शेवटी घंटा वाजली. पलीकडून खुद्द त्याचाच आवाज आला, आणि तो भयंकर चिडलेला होता.

"एक चाकावर उतरला मी! पंख गेला, ढोपर फुटला. माझ्या जागेवर बकरी कोणी सोडला?"

मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो. "मी सोडला," मी म्हणालो.

"तू? वेडा झाला काय?"

मी त्याला वाऱ्याचे सांगितले, फुग्याचे सांगितले, राबाच्या धुराचे सांगितले. 

"बकरी हाकलायला इंजिन फुल ठेवला मी," तो हळू म्हणाला. "म्हणून वर आला. उतरायला आला असता तर बंद केला असता."

"होय."

"होय," तो म्हणाला. मग एकदम त्याचा आवाज पोरासारखा झाला. "चल, मी आईला तार करते. वाट बघत असेल. पोचला म्हणून तार करते."

समितीने पुढे काय केले ते इथेच सांगून टाकतो, कारण मला त्याचा राग आहे आणि तो उगाळत बसायचा नाही. 'माळावर जनावरांचा उपद्रव आढळला, कुंपण घालावे' असे पहिल्या मसुद्यात लिहिले होते. मी आणि वैमानिक दोघांनी भांडून ते वाक्य काढायला लावले आणि माळ नापसंत करून घेतला. धुराची खूणही बदलली. मेंढरांचा उल्लेख मात्र अहवालात कुठेच आला नाही. जो अपघात झालाच नाही त्यात कोणाचे काय गेले, हे लिहायला अहवालात जागाच नसते असे मला सांगण्यात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ चढून वर गेलो. वारा नव्हता. दरीत भाजलेल्या शेतांचे काळे तुकडे दिसत होते आणि त्यांवर अजून बारीक वाफ होती. राईपाशी कोंडिबा एका लंगड्या मेंढीच्या पायाला पाला बांधत होता. वाडगे बरेच मोकळे दिसत होते. मी तिकडे पाहायचे टाळले, आणि मी टाळतो आहे हे ठकूबाईने पाहिले. तिचे डोळे सुजले होते.

"पोचला," मी म्हणालो. "ढोपर फुटलं. बाकी काही नाही."

कोंडिबाने मान हलवली आणि हातातली गाठ पुरी केली. ठकूबाईने माझ्यापुढे चहा ठेवला.

"आई हाय त्याला?"

"आहे. काल त्यानं तिला तार केली, पोचलो म्हणून."

"बरं केलं." तिने चुलीत लाकूड सारले. मग म्हणाली, "दादा, तिला सांगू नगा कसा वाचला त्ये. उगं जल्मभर जीव टांगनीला लागंल तिचा. पोचला म्हना. बास."

समितीच्या कागदांत वैमानिकाचे नाव आहे, पण ते कागद कुणाची आई वाचत नाही. हा लेख छापून येईल आणि मुंबईलाही जाईल, म्हणून मी त्याचे नाव यात कुठेही लिहिलेले नाही.